हजार पूर्ण झाल्यानंतर : जपानी कागदी क्रौंचाचा प्रवास

सादाकोची गोष्ट आपल्याकडे अनेकांनी शाळेत ऐकलेली असते. हिरोशिमातली एक मुलगी. अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गामुळे काही वर्षांनी तिला रक्ताचा कर्करोग होतो. कागदाचे हजार क्रौंच केले की मनातली इच्छा पूर्ण होते, अशी जपानी लोकांची प्राचीन श्रद्धा असते. मुलगी रुग्णालयात पडल्या पडल्या घड्या घालत राहते. ६४४ क्रौंच होतात आणि ती जाते. उरलेले ३५६ तिचे वर्गमित्र पूर्ण करतात. एलिनॉर कोअर या लेखिकेच्या १९७७ च्या इंग्रजी पुस्तकाने गोष्टीचे हे रूप जगभर नेले, आणि तिथूनच ते आपल्यापर्यंत आले.

या गोष्टीत दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. पहिली 'प्राचीन' या शब्दाची. हजार क्रौंच आणि एक इच्छा हे समीकरण वाटते तितके जुने नाही. दुसरी दुरुस्ती आकड्याची. हिरोशिमाचे शांतता संग्रहालय आणि सादाकोचे कुटुंबीय सांगतात की तिने हजाराचा आकडा जिवंतपणीच ओलांडला होता. ही दुरुस्ती किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. अपुरा राहिलेला नवस आणि पुरा होऊनही न फळलेला नवस या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत वाचकाला वाटते, आणखी थोडा वेळ मिळाला असता तर! दुसरीत तसे म्हणायला जागा उरत नाही. मग हजार पूर्ण झाल्यावरही ती घड्या का घालत राहिली, आणि जग अजून का घालते आहे, हा प्रश्न उभा राहतो. त्याच्या उत्तरासाठी या कागदी पक्ष्याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

बगळा की क्रौंच?

सुरुवात नावापासून करू. जपानीत या पक्ष्याला 'त्सुरु' म्हणतात. 'ओरि' म्हणजे घडी; घडीचा त्सुरु तो 'ओरिझुरु'. मराठीत त्याला सर्रास बगळा म्हटले जाते, ते बरोबर नाही. बगळा उडताना मान आखडून घेतो, क्रौंच कुळातले पक्षी मान सरळ पुढे ताणून उडतात. कागदी पक्ष्याची मानही ताणलेलीच असते. गोंदियाच्या भातशेतीत दिसणारा सारस हा या कुळातला आपला पक्षी. जपानचा त्सुरु म्हणजे डोक्यावर लाल ठिपका असलेला पांढरा 'तांचो' क्रौंच. क्रौंच हजार वर्षे जगतो आणि कासव दहा हजार, अशा अर्थाची म्हण जपानमध्ये प्रचलित आहे. त्यामुळे लग्नाच्या किमोनोवर, भेटवस्तूंवर, लाखेच्या डब्यांवर क्रौंच आढळतो. दीर्घायुष्य आणि दांपत्यनिष्ठा या दोन्हींची ती खूण आहे.

दस्तऐवजाची घडी, खेळण्याची घडी

'ओरिगामी' हा शब्दही सुरुवातीला खेळाचा नव्हता. आडवी घडी घातलेला औपचारिक कागद, विशेषतः तलवारीच्या अस्सलपणाचे प्रमाणपत्र, म्हणजे ओरिगामी. 'ओरिगामी असलेला' हा शब्दप्रयोग आजही जपानीत 'खात्रीशीर' या अर्थाने वापरतात. कागद घडवण्याच्या कलेला 'ओरिकाता' किंवा 'ओरिसुए' अशी नावे होती. ती कलाही आधी सरदारी शिष्टाचाराचा भाग होती. भेटवस्तू कोणत्या कागदात, कशा घडीत गुंडाळून द्यायची, याचे नियम ठरलेले असत. इसे सादाताके या शिष्टाचारपंडिताने १७६४ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. लग्नात साकेच्या सुरईला नर आणि मादी अशी दोन कागदी फुलपाखरे बांधण्याची रीत त्याहून जुनी आहे. १६८० मध्ये इहारा साइकाकू या कवी-कादंबरीकाराने आपल्या एका कवितेत अशा फुलपाखरांचा उल्लेख केला आहे.

एदो काळात (१६०३ ते १८६८) कागद स्वस्त आणि मुबलक झाला आणि घड्या सरदारांच्या वाड्यांतून शहरी घराघरांत आल्या. हाताने बनवलेला जपानी कागद, म्हणजे वाशी, मुख्यतः कोझो नावाच्या झुडपाच्या सालीपासून होतो. त्याचे तंतू लांब असल्याने तो पातळ असूनही चिवट असतो. घडी पुन्हा पुन्हा घातली तरी सहसा फाटत नाही. १७३४ च्या 'रान्मा झुशिकी' या सजावटीच्या नमुन्यांच्या पुस्तकात इतर घड्यांबरोबर कागदी क्रौंचाचे चित्र आहे. म्हणजे तोवर हा पक्षी इतका ओळखीचा झाला होता की नक्षीकाम करणाऱ्यांनी त्याला नमुन्यात जागा दिली.

१७९७ मध्ये क्योतोत 'हिदेन सेन्बाझुरु ओरिकाता' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. नावाचा अर्थ 'हजार क्रौंचांच्या घड्यांची गुप्त विद्या'. केवळ मनोरंजनासाठीच्या घड्यांवरचे हे सर्वांत जुन्या छापील पुस्तकांपैकी एक. त्यातल्या रचना कुवाना गावच्या चोएन्जी या बौद्ध मंदिराचा पुजारी गिदो याच्या. तो रोकोआन या नावाने ओळखला जाई. पुस्तकात एकूण ४९ रचना आहेत. प्रत्येकीला नाव, चित्र आणि जोडीला एक गमतीदार कविता.

'सेन्बाझुरु' म्हटल्यावर आज डोळ्यांपुढे येतात त्या दोऱ्यात ओवलेल्या हजार पक्ष्यांच्या माळा. या पुस्तकात त्या नाहीत. इथला सेन्बाझुरु म्हणजे एकाच कागदातून घडवलेले आणि एकमेकांपासून न तुटलेले अनेक क्रौंच. मोठ्या कागदावर चौकोन आखायचे, त्यांच्यामध्ये चिरा द्यायच्या, पण कोपऱ्याशी कागदाचा जरासा सांधा राखायचा. मग प्रत्येक चौकोनाचा एक क्रौंच घडवायचा. कुठे चोच चोचीला जोडलेली राहते, कुठे पंख पंखाला. सर्वांत मोठ्या रचनेचे नाव 'शंभर क्रौंच', आणि प्रत्यक्षात त्यात पक्षी ९७. नावातला आकडा इथे 'पुष्कळ' एवढाच अर्थ सांगतो. इच्छापूर्तीशी याचा काही संबंध नव्हता. हे कौशल्य होते आणि करमणूक होती. कुवाना शहराने आज ही कला आपला सांस्कृतिक वारसा म्हणून जपली आहे.

चार कोपरे आणि एक मध्य

रोकोआनची युक्ती चालते ती क्रौंचाच्या घडणीमुळे. चौरस कागदाच्या चार कोपऱ्यांचे काय होते ते पाहू. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांची मान आणि शेपूट होते, उरलेल्या दोघांचे पंख. कागदाचा मध्य पाठीवरचा उंचवटा होतो. पक्ष्याची टोके म्हणजे कागदाचे कोपरेच. म्हणून शेजारच्या दोन चौकोनांचा कोपरा न कापता ठेवला की पूर्ण झालेले दोन पक्षी टोकाशी जोडलेले राहतात.

कृतीचा क्रमही असाच सरळ आहे. आधी कर्ण आणि मध्यरेषा मोडून कागद एका लहान चौकोनात गोळा करायचा. मग त्याच्या कडा मध्यरेषेशी आणून पाकळीसारखी उलगडायची आणि लांबट शंकरपाळ्याचा आकार घडवायचा. खालची दोन टोके अरुंद करून आतून वर वळवली की मान आणि शेपूट तयार. एका टोकाला चोचीसाठी छोटी मोड, मग पंख खाली ओढायचे. कात्री नाही, गोंद नाही.

तयार क्रौंच उलगडून पाहिला तर कागदावर मोडींचे जाळे दिसते. काही मोडी डोंगरासारख्या वर आलेल्या, काही दरीसारख्या खोल. सपाट बसणाऱ्या कोणत्याही घडीत, कागदाच्या आतल्या ज्या बिंदूत मोडी एकत्र येतात तिथे डोंगर आणि दऱ्या यांच्या संख्येत नेहमी दोनचाच फरक असतो. त्या बिंदूभोवतीचे कोन एकाआड एक घेऊन मिळवले तर बेरीज १८० अंश येते. जून माएकावा आणि तोशिकाझु कावासाकी या जपानी अभ्यासकांच्या नावाने हे नियम ओळखले जातात. क्रौंचासाठी चौरसच हवा असेही नाही. ज्या बहिर्वक्र चौकोनाच्या आत चारही बाजूंना स्पर्श करणारे वर्तुळ काढता येते, त्यातूनही क्रौंच घडतो; मात्र त्याचे पंख कमीजास्त लांबीचे होतात.

या भूमितीच्या अभ्यासकांत कोजी फुशिमी हे नाव आवर्जून घ्यायला हवे. फुशिमी भौतिकशास्त्रज्ञ. पत्नी मित्सुए यांच्यासह १९७९ मध्ये त्यांनी घड्यांच्या भूमितीवर पुस्तक लिहिले. त्याआधी पंचवीस वर्षे, १९५४ मध्ये, जपानी विज्ञान परिषदेने अणुसंशोधन स्वायत्त, लोकशाही पद्धतीचे आणि खुले असावे अशी तीन तत्त्वे मांडली. ती घडवण्यात फुशिमींचा मोठा वाटा होता.

हजार हा आकडा

'सेन' म्हणजे हजार, 'बा' हा पक्षी मोजताना लावायचा शब्द, 'झुरु' म्हणजे क्रौंच. पण हा शब्द कागदापुरता कधीच नव्हता. यासुनारी कावाबाता यांची 'सेन्बाझुरु' ही कादंबरी १९४९ पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या नावातले हजार क्रौंच कागदाचे नाहीत. एका तरुणीच्या हातातल्या रेशमी फुरोशिकीवर, म्हणजे सामान बांधून नेण्याच्या चौकोनी कापडावर, छापलेली ती नक्षी आहे. एका पिढीपूर्वी सुशिक्षित जपानी वाचकाच्या मनात या शब्दाने आधी कापड येऊ शकत होते, हे इथे ध्यानात घ्यायला हवे.

मात्र हजार जणांचे किंवा हजार वेळांचे श्रम एकत्र करून संकट टाळायचे, ही कल्पना जपानमध्ये होती. तिचे सर्वांत ठळक रूप युद्धकाळातले. 'सेन्निन्बारी' म्हणजे हजार जणींचा टाका. रणांगणावर निघालेल्या सैनिकाची आई किंवा बायको कापडाचा पट्टा घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राही आणि येणाऱ्याजाणाऱ्या स्त्रियांकडून लाल दोऱ्याचा एकेक टाका मागे. वाघ हजार कोस जाऊन परत येतो या समजुतीमुळे व्याघ्रवर्षी जन्मलेल्या स्त्रीला आपल्या वयाइतके टाके घालता येत. तो पट्टा सैनिक पोटाला बांधी. पट्ट्याने गोळी अडत नाही हे त्या स्त्रियांना कळत नसेल असे मानायचे कारण नाही.

मराठी घरात हे फार परके वाटायला नको. चातुर्मासात लक्ष वाती वळणारी आजी, बेलाची लाखोली वाहणारे घर, वहीत लाख वेळा रामनाम लिहिणारा निवृत्त गृहस्थ यांच्या नवसातही मोजमाप देवासाठी कमी आणि हातासाठी जास्त असते. काळजी करण्यापलीकडे काहीच हाती नसते, तेव्हा मोजता येईल असे एक काम हाती येते.

१९५५

सादाको सासाकी हिचा जन्म ७ जानेवारी १९४३ चा. ६ ऑगस्ट १९४५ ला ती अडीच वर्षांची होती. स्फोटाच्या मध्यापासून तिचे घर साधारण १.६ किलोमीटरवर होते. तिला बाहेरून काही इजा झाली नाही. ती वाढली, शाळेत गेली. धावण्यात ती तरबेज होती. १९५४ च्या अखेरीस मानेच्या गाठी सुजल्या. २१ फेब्रुवारी १९५५ ला ती हिरोशिमाच्या रेडक्रॉस रुग्णालयात दाखल झाली.

त्या वर्षीचा काळही पाहायला हवा. १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटावरच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. त्यानंतर देशभर अण्वस्त्रविरोधी सह्यांची मोहीम उसळली. ऑगस्ट १९५५ मध्ये हिरोशिमात अणुबॉम्ब आणि हायड्रोजन बॉम्बविरोधी पहिली जागतिक परिषद भरली. त्याच महिन्यात नागोयाच्या शालेय विद्यार्थ्यांनी रेडक्रॉस रुग्णालयातल्या रुग्णांसाठी कागदी क्रौंच पाठवले. ते पाहून सादाकोने घड्या घालायला सुरुवात केली. म्हणजे आजारी माणसाला क्रौंच भेट देण्याची रीत तोवर रुजली होती. सादाकोने ती शोधून काढली नाही. रोकोआनचे कुवाना नागोयापासून जवळच आहे, हा केवळ योगायोग.

कागद सहज मिळत नव्हता. औषधांच्या पुड्यांचे कागद, भेटवस्तूंची वेष्टने, जे हाती येईल ते तिने वापरले. संग्रहालयात ठेवलेले तिचे काही क्रौंच इतके लहान आहेत की त्यांच्या मोडी सुईच्या टोकाने घातलेल्या. हजार झाले, इच्छा पूर्ण झाली नाही, तिने पुढे चालू ठेवले. पुढचे क्रौंच आधीच्यांपेक्षा लहान होत गेले. आणखी एक वस्तू तिच्या मागे सापडली. आपल्या रक्तातल्या पेशींचे आकडे ती गुपचूप एका कागदावर टिपून ठेवत होती. आजाराचे नाव तिला कोणी सांगितले नव्हते. पण आकडे कुठे चालले आहेत, हे तिला दिसत होते. २५ ऑक्टोबर १९५५ ला ती वारली, तेव्हा ती बारा वर्षांची होती.

हे दोन कागद शेजारी ठेवले की 'भाबडी श्रद्धा' हा शब्द वापरवत नाही. एका कागदावर तिला माहीत असलेले सत्य होते, दुसऱ्या कागदांचे ती पक्षी करत होती. पहिल्यामुळे दुसरे थांबले नाही.

हिरोशिमाचे दहा टन

तिच्या वर्गमित्रांनी स्मारकासाठी मोहीम सुरू केली. जपानमधल्या ३,१०० हून अधिक शाळांनी आणि नऊ देशांतल्या लोकांनी पैसे पाठवले. ५ मे १९५८ ला, जपानच्या बालदिनी, हिरोशिमाच्या शांतता उद्यानात बालशांतता स्मारकाचे अनावरण झाले. शिल्पकार काझुओ किकुची. नऊ मीटर उंचीच्या त्या शिल्पाच्या माथ्यावर क्रौंच उंच धरलेली मुलगी आहे. आतल्या घंटेवर नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ हिदेकी युकावा यांच्या अक्षरात 'सेन्बाझुरु' हा शब्द कोरला होता. एकेकाळी खेळाचा, मग नक्षीचा असलेला हा शब्द तिथून शांततेचा झाला. 'प्राचीन' मानला जाणारा अर्थ खरोखर पक्का झाला तो या दोन-तीन वर्षांत.

घड्या देशाबाहेर पोचायला आणखी एका गोष्टीची मदत झाली. अकिरा योशिझावा या कलाकाराने १९५४ च्या आपल्या पुस्तकात तुटक रेषा आणि बाण यांची खूणलिपी वापरली. ती पुढे जगाने स्वीकारली. जपानी न येणाराही मग आकृती पाहून क्रौंच करू शकला.

आज हिरोशिमात दरवर्षी सुमारे एक कोटी कागदी क्रौंच येतात. वजन साधारण दहा टन. प्रत्येक माळेमागे कोणाची तरी शाळा, कोणाचे तरी आजारपण, कोणाचा तरी राग असतो. पण कागद शेवटी कागद. २००३ च्या ऑगस्टमध्ये एका विद्यार्थ्याने तिथे लावलेल्या आगीत सुमारे १ लाख ४० हजार क्रौंच जळाले. नगरपालिका काही वर्षे सगळे क्रौंच साठवत राहिली, गोदामे भरत गेली. २०१२ पासून वेगळे धोरण आले. प्रदर्शनानंतर क्रौंच उलगडून, दोरे-तारा काढून, त्यांचा पुन्हा कागद करायचा. त्या कागदाच्या वह्या, प्रमाणपत्रे, पंखे होतात. माळा सोडवणारेही बरेचसे स्वयंसेवकच असतात.

जपानमध्ये या प्रथेवर टीकाही होते, आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर, पुढे २०२२ मध्ये युक्रेनच्या संदर्भात, हा वाद उघडपणे झाला. घर गेलेल्या माणसाला पांघरूण हवे असते, त्याच्या छावणीत क्रौंचांच्या माळांची खोकी आली तर ती ठेवायची कुठे? जपानीत यासाठी शब्द आहे, 'अरिगाता-मेइवाकु'. आभार मानावे लागतील असा उपद्रव. शिष्टाचाराचा एक काटाही आहे. 'ओरु' या क्रियापदाचा अर्थ घडी घालणे तसाच मोडणे. म्हणून आजाऱ्याला द्यायच्या क्रौंचाची मान काही जण वळवत नाहीत. चोच नसलेला, सरळ टोकाचा पक्षी देतात.

टीका बरोबर आहे, पण ती क्रौंचाला मदत समजते. सादाकोच्या दृष्टीने पाहिले तर क्रौंच मदत नव्हताच. तो आपल्या हाताला दिलेले काम होते. दुसऱ्याकडे पाठवला की तो एक कबुली होतो : तुमच्यासाठी मला काही करता आले नाही, पण या मोडी घालताना माझे लक्ष तुमच्याकडे होते. ही कबुली धान्याच्या पोत्याऐवजी गेली तर उपद्रव होतो. जिथे ती पोचायला हवी, तिथे मात्र दुसरे काही चालत नाही. सासाकी कुटुंबाने सादाकोचे क्रौंच न्यूयॉर्कमधल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या स्मृतिकेंद्राला दिले, पर्ल हार्बरला दिले, आणि २०१५ मध्ये मिसूरीतल्या ट्रूमन ग्रंथालयाला दिले. बॉम्ब टाकण्याचा आदेश ज्या राष्ट्राध्यक्षाच्या काळात निघाला, त्याच्याच नावाचे ते ग्रंथालय. मे २०१६ मध्ये बराक ओबामा हिरोशिमात आले तेव्हा त्यांनी स्वतः घडवलेले चार क्रौंच आणले होते. त्यांनी अण्वस्त्रे कमी झाली नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे.

खरे क्रौंच

या सगळ्यात खऱ्या पक्ष्याचे काय झाले? एदो काळात त्याच्या शिकारीवर राज्यकर्त्यांचा मक्ता होता, त्यामुळे तो टिकून होता. १८६८ नंतर बंधने सैल झाली, शिकार वाढली, पाणथळी बुजवून शेती झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तांचो क्रौंच जपानमधून संपला असे मानले जाऊ लागले. १९२४ मध्ये होक्काइदो बेटावरच्या कुशिरो दलदलीत एक लहानसा थवा सापडला. १९५२ च्या गणनेत ३३ पक्षी होते. पुढे ज्या दशकात हिरोशिमात कागदी क्रौंच हजारांनी जमू लागले, त्या दशकात खरे क्रौंच मूठभर होते.

१९५० च्या सुमारास एका कडक हिवाळ्यात ओढे गोठले आणि पक्षी उपाशी पडले. तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी बर्फावर मका टाकायला सुरुवात केली. बऱ्याच प्रयत्नांनंतर पक्ष्यांनी तो टिपला. पुढच्या हिवाळ्यात शेतकऱ्यांनी पुन्हा टाकला, त्याच्या पुढच्याही. कोणी किती मुठी टाकल्या याचा हिशेब ठेवला नाही. आज त्या बेटावर तांचो क्रौंचांची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे.